गेलेल्या सोबत्यांसाठी कॉन्चेर्टो

पाश्चात्त्य अभिजात संगीतात कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाने अख्ख्या वाद्यवृंदासमोर उभे राहून वाजवायची रचना. अठराव्या शतकापासून या प्रकाराचे नाते कौशल्याशी जुळले. मध्येच वाद्यवृंद थांबतो, एकल वादक आपली सगळी तयारी पणाला लावतो आणि शेवट बहुधा द्रुत लयीत, टाळ्या घेत होतो. शोकासाठी संगीतकारांकडे वेगळे प्रकार होतेच: मृतांसाठीची चर्चमधली प्रार्थना म्हणजे रेक्विएम, अंत्ययात्रेची धून, विलापगीत. तरीही विसाव्या शतकात जिवलगांच्या मृत्यूनंतर काही संगीतकार कॉन्चेर्टोकडे वळले, आणि त्याला कारण होते. रेक्विएममध्ये समुदाय बोलतो. गेलेला माणूस प्रार्थनेचा विषय असतो, त्याला स्वतःचा आवाज नसतो. कॉन्चेर्टोत मात्र एक आवाज पहिल्यापासूनच इतरांहून वेगळा असतो. तो आवाज गेलेल्या माणसाचा होऊ शकतो, मागे राहिलेल्याचाही होऊ शकतो. त्याने काय बोलावे, कधी गप्प व्हावे आणि मागे बसलेल्या साठ-सत्तर वादकांनी त्याच्याशी कसे वागावे, हे ठरवणे हेच अशा रचनेतले खरे काम. करुण सुरावट सुचणे हा त्यातला सोपा भाग.

हे काम प्रत्यक्षात कसे होते ते पाहायला आल्बान बेर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोइतके उघडे उदाहरण दुसरे नाही. ही रचना १९३५ च्या उन्हाळ्यात लिहिली गेली. तिच्या पहिल्या पानावर दोन नावे आहेत: ज्याने काम सांगितले त्या व्हायोलिनवादकाचे, आणि जिच्यासाठी ती झाली तिचे. दुसरे नाव नाव म्हणून लिहिलेले नाही. तिथे फक्त ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ एवढेच आहे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला बेर्ग पन्नाशीला पोहोचला होता आणि पैशाच्या विवंचनेत होता. १९२५ साली बर्लिनमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘वोत्सेक’ या त्याच्या ऑपेराने त्याला युरोपभर नाव आणि बऱ्यापैकी उत्पन्न मिळवून दिले होते. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि त्याच्या संगीताला तिथली दारे बंद झाली. त्याचे गुरू आर्नोल्ड शोनबर्ग त्याच वर्षी देश सोडून अमेरिकेला गेले. बेर्गच्या टेबलावर ‘लुलू’ हा दुसरा ऑपेरा होता. त्याचा आराखडा पुरा झाला होता, वाद्यवृंदासाठीची मांडणी चालू होती. अशा वेळी लुई क्रास्नर या तरुण अमेरिकन व्हायोलिनवादकाने त्याच्याकडे कॉन्चेर्टो मागितला आणि १५०० डॉलर देऊ केले. बेर्गला हाती घेतलेले काम सोडायचे नव्हते. क्रास्नरने धरलेला मुद्दा मात्र त्याला टाळता येईना. शोनबर्गच्या पद्धतीवर कोरडेपणाचा, निव्वळ बुद्धीच्या खेळाचा आरोप सर्रास होत होता, आणि व्हायोलिन हे तर गाणारे वाद्य. तो आरोप खोडून काढायचा तर ते बेर्गनेच करायला हवे होते. बेर्गने होकार दिला, पण बरेच दिवस कागदावर काही उतरले नाही.

मानोन ग्रोपियस २२ एप्रिल १९३५ रोजी, ईस्टरच्या सोमवारी वारली. वय अठरा. आल्मा माहलर आणि वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियस यांची ही मुलगी. आल्मा आणि बेर्ग पती-पत्नी यांची मैत्री जुनी आणि घट्ट होती, त्यामुळे मानोनला बेर्गने लहानपणापासून पाहिले होते. तिला अभिनेत्री व्हायचे होते. १९३४ च्या वसंतात व्हेनिसमध्ये तिला पोलिओ झाला, शरीर लुळे पडले, आणि वर्षभरात ती गेली. पहिला पती, संगीतकार गुस्ताव माहलर याच्यापासून झालेली आल्माची थोरली मुलगीही १९०७ साली अशीच आजाराने गेली होती, ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातल्या व्योर्थर सरोवराच्या काठी. त्याच सरोवराच्या काठी, आउएन इथे बेर्गने १९३२ साली एक घर घेतले होते. मानोन गेल्यावर त्या घरात बसून त्याने कॉन्चेर्टो लिहिला. समोरच्या काठावरच्या प्योर्टशाख गावात १८७८ साली ब्राह्म्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला होता, आणि या शेजाराचा बेर्गला विसर पडलेला नव्हता.

बेर्ग हळू लिहिणारा. ‘वोत्सेक’चे मूळ नाटक त्याने १९१४ साली पाहिले आणि ऑपेरा पुरा व्हायला १९२२ उजाडले, मध्ये महायुद्ध होते, पण त्याची चालही तशीच होती. हा कॉन्चेर्टो मात्र जुलैच्या मध्यापर्यंत आराखड्यात उतरला आणि ११ ऑगस्टला संपूर्ण लिहून झाला. या वेगाचे श्रेय एकट्या दुःखाला देण्याची पद्धत आहे, पण तेवढ्याने भागत नाही. दुःखाने बेर्गला विषय दिला. हात चालू लागला तो साधने आधीच जमवून ठेवलेली होती म्हणून. त्याने क्रास्नरला बोलावून घेतले आणि तासन्‌तास वाजवायला लावले. नावाजलेले कॉन्चेर्टो त्याला ऐकायचे नव्हते. मनात येईल तसे, सुटे, न ठरवता वाजव, अशी त्याची मागणी होती. क्रास्नर वाजवत राही आणि बेर्ग ऐकत राही. या वादकाची बोटे आपसूक कुठे जातात, त्याचा गज कोणत्या तारेवर रेंगाळतो, हे त्याला कळून घ्यायचे होते. मृत मुलीचा आवाज ज्या हातांतून यायचा, त्या हातांची ओळख त्याने आधी करून घेतली.

रचनेचा पाया म्हणजे बारा स्वरांची एक मालिका. शोनबर्गच्या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडले जातात आणि सगळे संगीत त्या क्रमातून, त्याच्या उलट-सुलट रूपांतून काढले जाते. कोणताही एक स्वर ‘घर’ होऊ नये, हा त्यामागचा हेतू. बेर्गची मालिका पेटीवर वाजवून पाहता येते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेला सा मानले तर क्रम असा येतो: सा, कोमल ग, प, नी, रे, म, ध, कोमल रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. बाराही स्वर आले, एकही दोनदा आला नाही, म्हणजे नियम पुरा झाला. पण पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर वेगळे काढले की हाती येते सा, प, रे, ध, म्हणजेच व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा. या चारांपैकी प्रत्येकापासून पुढचे सलग तीन स्वर घेतले तर सरळ, कानाला ओळखीचे स्वरसंवाद मिळतात. ज्या पद्धतीने जुने ‘घर’ मोडले होते, त्या पद्धतीच्या आत बेर्गने घराकडे जाणारी वाट ठेवली. शोनबर्गच्या शिष्यांपैकी हे करण्याचे धाडस त्याच्यातच होते, आणि या रचनेला त्याची गरजही होती. ओळखीचे काहीच नसलेल्या जगात आठवण उभी राहत नाही.

कॉन्चेर्टो सुरू होतो तो याच तारांवर. क्लॅरिनेट आणि हार्प पंचमांतराच्या उड्यांनी हळूच वर-खाली करतात, आणि त्यांना उत्तर देताना व्हायोलिन आपल्या मोकळ्या तारा एकामागून एक छेडते, त्यांवर बोट न ठेवता. वाजवायला बसलेला कोणीही वाद्य हाती घेतल्यावर प्रथम करतो तेच हे. श्रोत्याला वाटते की अजून वाद्ये जुळवली जात आहेत, आणि तेवढ्यात संगीत सुरू झालेले असते. अवघड काहीतरी वाजवून श्रोत्यांना चकित करण्याची कॉन्चेर्टोची सवय बेर्गने पहिल्याच ओळींत मोडली. इथे व्हायोलिन आधी फक्त ‘आहे’.

रचना दोन भागांची, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा दोन खंड. पहिल्या भागात मुलगी जिवंत आहे: आधी संथ आलापी, मग नाचरी लय, व्हिएन्नातल्या वॉल्ट्झची झुळूक, डोंगराळ कॅरिंथियातले एक लोकगीत. दुसरा भाग आघाताने उघडतो. वाद्यवृंद फुटतो, एक ठरावीक ठोका पुन्हा पुन्हा कोसळतो, आणि त्याखाली व्हायोलिनची कसोटी लागते. परंपरेने कौशल्य दाखवण्यासाठी राखून ठेवलेली कॅडेन्झाची जागा बेर्गने नेमकी इथे, आजाराच्या गाभ्यात ठेवली. एकट्या वादकाला तिथे अनेक पदरी सुरावट चार तारांवर एकाच वेळी सांभाळावी लागते. हे करताना वादकाला होणारे कष्ट डोळ्यांना दिसतात, आणि ते दिसावेत अशीच योजना आहे. प्रकाराने दिलेली रीत टाकून न देता तिचा अर्थ बदलणे म्हणजे काय, हे शिकायला संगीताच्या विद्यार्थ्याने हा खंड वाद्याजवळ बसून वाचावा.

शेवटच्या खंडासाठी बेर्गला चर्चमधल्या एखाद्या समूहस्तोत्राची गरज वाटत होती. विली राइख या आपल्या शिष्याकडून त्याने बाखच्या स्तोत्रांचा संग्रह मागवून घेतला. त्यातून निवडलेले ‘एस इस्ट गेनूग’ हे स्तोत्र योहान रुडोल्फ आले याने १६६२ साली स्वरबद्ध केले होते, आणि बाखने १७२३ च्या आपल्या साठाव्या कँटाटाच्या शेवटी ते नव्याने मांडले होते. ‘आता पुरे’ असे म्हणत देवाकडे निरोप मागणाऱ्या माणसाचे हे स्तोत्र. त्याचे पहिले चार स्वर पूर्ण स्वरांच्या सलग पायऱ्यांनी चढतात. सतराव्या शतकातल्या स्तोत्रात अशी सुरुवात फारच विलक्षण. बेर्गच्या मालिकेचे शेवटचे चार स्वर, म्हणजे ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, नेमक्या याच पायऱ्यांचे आहेत. मालिका हव्या त्या उंचीवर सरकवली की तिच्या शेपटातून बाखचे स्तोत्र सुरू होते.

ते येते तेव्हाची मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. व्हायोलिन स्तोत्राची एक ओळ वाजवते आणि तिच्याभोवती बेर्गच्या स्वतःच्या काळाचे, विसंवादी स्वर दाटून येतात. मग व्हायोलिन थांबते आणि क्लॅरिनेटचा चौघांचा गट उत्तर देतो. त्या उत्तरात बाखने केलेली स्वरजुळणी जशीच्या तशी आहे, ऑर्गनसारख्या एकसंध नादात. पुन्हा व्हायोलिन, पुन्हा क्लॅरिनेट. स्तोत्राचे शब्द व्हायोलिनच्या ओळीखाली छापलेले आहेत. ते कोणी गात नाही, पण वादक ते वाचत वाजवतो. दोनशे वर्षांचे अंतर असलेल्या दोन भाषा शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांच्यात कुठेही सांधा दिसत नाही. परक्याची रचना उचलून आणल्यासारखे वाटण्याचा धोका इथे मोठा होता. मालिका आणि स्तोत्र एकाच धाग्याचे होते म्हणून तो टळला.

त्यानंतरच्या चढात बेर्गने जे केले त्यासाठी या रचनेला शोकसंगीतात वेगळे स्थान द्यावे लागते. एकल व्हायोलिन स्तोत्रातून निघालेला विलाप सुरू करते. वाद्यवृंदातले एक व्हायोलिन त्याला येऊन मिळते, मग दुसरे, मग आणखी काही, मग व्हायोला. सगळे तीच ओळ वाजवू लागतात. एकल वादकाने या सगळ्यांचे नेतृत्व करावे आणि ते ऐकू यावे तसेच दिसावेही, अशी स्पष्ट सूचना बेर्गने लिहून ठेवली आहे. सभागृहात बसलेल्याला ते खरोखरच दिसते: मागच्या रांगांतले गज एकेक करून एकाच दिशेने हलू लागतात. एकटीचे दुःख सगळ्यांचे होते. मग तेच वादक एकेक करून बाजूला होतात आणि शेवटी व्हायोलिन पुन्हा एकटे उरते. सांत्वनाला लोक येतात आणि आपापल्या घरी जातात, हे बेर्गने एकाही शब्दाविना लिहिले. इतर कोणत्याही संगीतप्रकारात हे जमले नसते. त्यासाठी समोर उभा असलेला एक आणि मागे बसलेले अनेक, अशी कॉन्चेर्टोचीच बैठक लागते.

शेवटाकडे कॅरिंथियातले ते लोकगीत दुरून आल्यासारखे पुन्हा ऐकू येते. या गीताने अभ्यासकांना बरेच काम दिले. आलुबुखाराच्या झाडावरच्या पाखराने वेळेवर उठवले, नाहीतर मित्सी नावाच्या मुलीच्या बिछान्यात झोपून राहिलो असतो, असा त्याचा खट्याळ आशय. अठरा वर्षांच्या मुलीच्या स्मृतीला हे गीत जुळत नाही. डग्लस जार्मन आणि इतर संशोधकांनी पुढे दाखवून दिले की कॅरिंथियातल्या बेर्ग कुटुंबाच्या वाड्यात मारी शॉयश्ल नावाची कामकरी तरुणी होती. १९०२ साली तिला बेर्गपासून मुलगी झाली, तेव्हा बेर्ग सतरा वर्षांचा होता. मित्सी हे मारीचेच घरगुती रूप. यापलीकडे बेर्ग २३ हा आपला आकडा मानत असे आणि १० हा हाना फुक्स या विवाहित स्त्रीचा, जिच्यावर त्याने अनेक वर्षे गुप्त प्रेम केले. या आकड्यांच्या खुणाही कॉन्चेर्टोच्या मोजमापात सापडतात. यावरून मानोनचे नाव हा नुसता पडदा होता असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. एका मृत्यूसाठी लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताखाली त्याची इतर हरवलेली माणसेही येतात. बेर्गने त्यांना हाकलले नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच ओळखता येतील अशा जागी बसवले. हे त्याने पूर्वीही केले होते. शोनबर्गच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या ‘चेंबर कॉन्चेर्टो’च्या संथ भागात १९२३ साली वारलेल्या शोनबर्गच्या पत्नीच्या, मातिल्डेच्या नावातली अक्षरे त्याने स्वरांत गुंफली होती.

कॉन्चेर्टो पुरा झाल्यावर काही दिवसांतच बेर्गच्या पाठीवर कीटकदंशाने गळू झाले. ते बरे झाले नाही. डिसेंबरमध्ये विषबाधा रक्तात पसरली आणि २४ डिसेंबर १९३५ रोजी व्हिएन्नात तो वारला. हा कॉन्चेर्टो त्याने वाद्यवृंदाकडून कधीच ऐकला नाही. ‘लुलू’च्या तिसऱ्या अंकाची मांडणी अर्धवट राहिली, फ्रीडरिख चेर्हा या संगीतकाराने ती पुरी केल्यावर संपूर्ण ऑपेरा १९७९ साली पॅरिसमध्ये झाला. मैत्रिणीच्या मुलीसाठी बाजूला ठेवलेल्या त्या महिन्यांची ही किंमत होती.

पहिला प्रयोग १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सिलोनात, कातालान संगीतमंदिरात ठरला होता. संचालन आंतोन वेबर्न करणार होता. वेबर्न आणि बेर्ग १९०४ पासून शोनबर्गकडे एकत्र शिकलेले, तीस वर्षांचे सोबती. एका मुलीच्या स्मृतीसाठी झालेली रचना आता तिच्या रचनाकाराचीही स्मृती झाली होती, आणि ती उभी करण्याचे काम त्याच्या सर्वांत जवळच्या मित्रावर आले होते. वेबर्नला ते पेलले नाही. तालमींचा बहुतेक वेळ त्याने सुरुवातीच्या मोजक्या ओळींवर घालवला. एकेक स्वर हवा तसा येईपर्यंत तो पुढे सरकेना, आणि अखेर त्याने माघार घेतली. हेर्मान शेर्शेन हा संचालक ऐनवेळी उभा राहिला आणि जवळजवळ तयारीविना प्रयोग पार पडला. वेबर्नच्या या माघारीला अनेकांनी हट्टीपणा म्हटले आहे. ज्याच्या हस्ताक्षरातला शेवटचा कागद समोर आहे, त्याची पाने भराभर उलटणे त्याला जमले नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य. दोन आठवड्यांत, १ मे रोजी, लंडनमध्ये बीबीसीच्या वाद्यवृंदाबरोबर त्याने हाच कॉन्चेर्टो क्रास्नरला घेऊन संचालित केला. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण टिकून आहे. आवाजाचा दर्जा खडबडीत आहे, पण शेवटचा संथ खंड त्यात ज्या धीमेपणाने उलगडतो तसा नंतर फारसा ऐकायला मिळालेला नाही.

पुढच्या काळात मित्रांसाठी लिहिणाऱ्यांनी बेर्गची वाट तशीच धरली नाही, प्रश्न मात्र तोच राहिला: एक कोण आणि अनेक कोण. जॉन कोरिल्यानो या अमेरिकन संगीतकाराचे अनेक मित्र एड्सने गेले. त्याने रचनेला कॉन्चेर्टो म्हटले नाही, सिम्फनी म्हटले, कारण त्याच्यापुढे एक मृत्यू नव्हता. शिकागोत १९९० साली सादर झालेल्या या पहिल्या सिम्फनीत तरीही एकट्या आवाजाची गरज पडलीच. पहिल्या भागात पियानोवादक मित्रासाठी रंगमंचाआडून पियानो वाजतो. तिसऱ्या भागात एकल चेलो येतो आणि महाविद्यालयीन दिवसांतल्या चेलोवादक मित्राने कोरिल्यानोबरोबर कधीकाळी उत्स्फूर्तपणे वाजवलेली, जुन्या टेपवर सापडलेली सुरावट गातो. मग दुसरा चेलो त्याला येऊन मिळतो. त्यापुढे आणखी मित्रांच्या आठवणींसाठी लिहिलेल्या छोट्या वाक्यांना कोरिल्यानोने चाली लावल्या आणि मग शब्द काढून टाकून चाली वाद्यांना दिल्या. इतकी माणसे एका रचनेत मावण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसला नसावा, आणि त्याने निवडलेला मार्ग योग्यच होता.

ख्रिस्तोफर राउझ या अमेरिकन संगीतकाराचा १९९१ सालचा ट्रॉम्बोन कॉन्चेर्टो संगीतकार आणि संचालक लिओनार्ड बर्नस्टाइनच्या स्मृतीसाठी आहे. ट्रॉम्बोन हे वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणारे, एकल वादनाची फारशी संधी न मिळणारे वाद्य. राउझने ते पुढे आणले आणि त्याला सर्वांत खालच्या सप्तकात, अंधाऱ्या नादात बोलायला लावले. कॉन्चेर्टोचा नेहमीचा द्रुत-संथ-द्रुत क्रम उलटवून त्याने दोन संथ भागांच्या मध्ये द्रुत भाग ठेवला आणि शेवटच्या भागात बर्नस्टाइनच्या तिसऱ्या सिम्फनीतली सुरावट घेतली. बेर्गने शोकासाठी तिसऱ्याच संगीतकाराचे स्तोत्र आणले होते. इथे गेलेल्याचेच स्वर त्याला परत दिले आहेत. या रचनेला १९९३ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.